आर३३ स्कायलाइन बूस्टवर आली की मिसिंग मारते? टर्बोला हात लावायच्या आधी हे बघा

मागच्या रविवारी परत तोच फोन. "दादा, गाडी बूस्टवर आली की झटके खाते, वर्कशॉपवाला म्हणतो टर्बो गेला." (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, त्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट, आणि मिसिंग म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल मध्येमध्ये न पेटणं.) असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी तेच सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवतोय.

मी ऑकलंडला असतो. अकरा वर्षं झाली, माझ्याकडे १९९५ ची निसान स्कायलाइन आर३३ आहे, जीटीएस२५टी, मॅन्युअल. इथं न्यूझीलंडमध्ये दिसणाऱ्या जवळपास सगळ्या आर३३ जपानमध्ये वापरून झाल्यावर आलेल्या आहेत. १९९३ ते १९९८ मधलं मॉडेल, म्हणजे सगळ्यात नवी गाडी सुद्धा पंचविशी ओलांडून गेलीय. इंजिन आरबी२५डीईटी, अडीच लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, एक टर्बो, कंपनीने सांगितलेली ताकद २५० पीएस, म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर. इंजिन दणकट आहे, त्याबद्दल मनात शंका ठेवू नका. म्हातारं होतं ते इंजिनाभोवतीचं रबर, प्लास्टिक आणि वायरिंग, आणि हा त्रास नव्वद टक्के तिथूनच येतो असं माझं मत आहे.

लक्षणं

आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, गाडी एकदम शहाणी. गल्लीत, सिग्नलला, दुकानाच्या पार्किंगमध्ये काही म्हणजे काही कळत नाही. मग हायवेला तिसऱ्या-चौथ्या गिअरला पाय दाबला, ३०००-३५०० आरपीएमच्या पुढं बूस्ट चढायला लागला, की कुणीतरी मागून शर्ट धरून खेचल्यासारखी गाडी अडते. फट्-फट् आवाज, पिकअप तुटक, आणि पाय जरासा उचलला की परत सुरळीत. मागच्या गाडीवाल्याला कच्च्या पेट्रोलचा वास येतो. थंडीत आणि पावसात जास्त, म्हणजे इथं जून ते ऑगस्ट. आणि बहुतेक वेळा चेक इंजिनचा दिवा लागतच नाही, त्यामुळे माणूस अजून गोंधळतो.

माझी टेस्टची जागा म्हणजे ऑकलंडच्या दक्षिणेचा बॉम्बे हिल्सचा चढ. हो, बॉम्बेच, वसाहतीचे लोक घेऊन आलेल्या त्या नावाच्या जहाजावरून गावाला नाव पडलंय. चौथ्या गिअरला १०० च्या स्पीडला ही गाडी साधारण ३५०० आरपीएमवर असते, चढामुळे लोड येतो, बूस्ट भरतो, आणि कायदा न मोडता दुखणं बरोबर वर येतं. तुमच्या जवळ असा एक चढ शोधून ठेवा आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर तोच चढ, तोच गिअर, तोच स्पीड. शेजारी कुणाला तरी बसवा, त्याला आरपीएम आणि बूस्टचा काटा बघू दे, तुम्ही रस्ता बघा.

डॅशवरच्या बूस्टच्या काट्याबद्दल एक सांगतो कारण सगळे इथं फसतात. त्यावर -७, ०, +७ असं असतं आणि ते पीएसआय (दाब मोजायचं एकक, टायरच्या हवेचं असतं ते) नाही, ते शंभर मिलिमीटर पाऱ्याच्या हिशोबात आहे, म्हणजे +७ म्हणजे साडेतेरा पीएसआय. कंपनीचा बूस्ट ५ ते ७ पीएसआय असतो, त्यामुळे काटा उजव्या बाजूला निम्म्यापर्यंत जाऊन थांबला तर ते बरोबर आहे, बूस्ट कमी पडतोय म्हणून कुणाला वाढवायला सांगू नका. या टर्बोचं एक्झॉस्टकडचं चाक सिरॅमिकचं आहे, जास्त बूस्ट आणि उष्णता मिळाली की ते तुटतं, आणि एकदा तुटलं की तो टर्बो संपला.

दोन लक्षणं वेगळी काढा. आयडललाही मिसिंग असेल तर एखादा कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा) किंवा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) पूर्ण मेलाय, ते शोधणं उलट सोपं आहे. आणि पाय दाबल्यावर नाही तर गिअर बदलताना पाय काढल्यावर गाडी गचका खात असेल, तर आधीच्या मालकाने फुस्स आवाजासाठी हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावलाय का बघा. ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, मोजलेली हवा तो बाहेर फेकतो, पेट्रोल मात्र पूर्ण पडतं. कंपनीचा, हवा परत आत सोडणारा व्हॉल्व्ह लावला की विषय संपतो.

आणि एक कळकळीची विनंती. मिसिंग येत असताना "बघू तरी किती जाते" म्हणून पाय दाबून धरू नका. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन जळतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून आतून फुटतो. आणि कारण स्पार्क नसून पेट्रोल कमी पडणं असेल तर तिथं पिस्टनच जातो. दोनदा झटका आला, कळलं, पाय काढा, घरी या.

फुकटातल्या गोष्टी

पेट्रोल कुठलं आहे? इथं पंपावर ९१, ९५, ९८ मिळतं. ही गाडी जपानमध्ये हाय-ऑक्टेनवर चालायची, तेव्हा ९८ च. ९१ भरलं असेल तर टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत हळू चालवा, मग ९८ भरा आणि मग बोलू.

बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का, इंजिन चालू असताना मीटरवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट येतायत का. कॉइलला व्होल्टेज कमी मिळालं तर स्पार्क कमजोर पडतो, एवढं साधं आहे.

मग बोनेट उघडून, इंजिन गार असताना, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) आणि तिथून थ्रॉटलपर्यंत (इंजिनात हवा सोडणारी झडप) प्रत्येक रबरी होज हाताने दाबत जा. जिथं जोड आहे तिथं बोट फिरवा. बोटाला ताजं ओलं तेल आणि त्यावर धूळ चिकटलेली लागली तर तिथून बूस्ट गळतोय, कारण टर्बोतून हवेबरोबर थोडं तेल येतंच आणि गळतीच्या जागी ते दिसतं. होज वरून ठीक वाटतो पण खालून फाटलेला असतो, म्हणून छोटा आरसा घ्या. क्लॅम्प एकेक फेरा आवळा, जास्त नाही, जुनं रबर कापलं जातं. पेन्सिलएवढ्या जाडीच्या व्हॅक्यूमच्या नळ्याही वाकवून बघा, टोकाला चिरा पडलेल्या असतात, तेवढा भाग कापून परत बसवला तरी चालतं.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. या गाडीत हवा टर्बोच्या आधी मोजली जाते, एअर फिल्टरच्या लगेच पुढं, तिथल्या एअर फ्लो मीटरने. ईसीयू तेवढ्या हवेचं पेट्रोल टाकतो. मध्येच हवा पळाली तर पेट्रोल जास्त, हवा कमी, काळा धूर आणि झटके. बूस्ट नसताना ही गळती फारशी जाणवत नाही, म्हणून गल्लीत गाडी शहाणी.

स्पार्क प्लग

इथं थोडा वेळ घालवा. नाशिकला आमच्याकडे बजाज चेतक होती, वडील दर महिन्याला प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे, गॅप डोळ्याने बघायचे आणि हलकेच ठोकून कमी करायचे. गॅप वाढला की स्कूटर चढाला मरायची. इथंही भानगड तीच आहे, फक्त इथं सिलिंडरमध्ये हवा दाबून भरलेली असते. दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. आयडलला कॉइलला ते जमतं, बूस्टवर जमत नाही, मग ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी जिथं सोपा रस्ता मिळेल तिथं जाते. मिसिंग म्हणजे एवढंच.

कंपनीचे प्लग एनजीके पीएफआर५जी-११, शेवटचे ११ म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर. नव्या कॉइलवर ते ठीक होतं. जुन्या गाडीला मी एनजीके बीसीपीआर६ईएस-८ घालतो, साधे तांब्याच्या गाभ्याचे, गॅप ०.८. सहा प्लगचा खर्च दोघांच्या हॉटेलच्या जेवणाएवढा. बदल्यात ते पंधरा-वीस हजार किलोमीटरमध्ये बदलावे लागतात, बदला. प्लॅटिनमच्या जुन्या प्लगचा गॅप ठोकून कमी करायला जाऊ नका, त्याचं टोक नाजूक असतं, आणि चेतकसारखं घासायला तर मुळीच नको.

प्लग कॉइलच्या खाली असतात आणि कॉइल दोन कॅम कव्हरच्या मधल्या पट्टीखाली. ती पट्टी ॲलन बोल्टवर बसते, वरून जाणारा हवेचा पाईप आड येत असेल तर तो आधी काढा. इंजिन पूर्ण गार हवं, हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग काढला तर आटे जातात. नवीन प्लग आधी हाताने बसवायचा, सॉकेटच्या एक्स्टेन्शनला फक्त बोटांनी फिरवत, आणि शेवटी टॉर्क रेंच. हाताने फिरत नसेल तर वाकडा गेलाय, जोर लावू नका, बाहेर काढून परत लावा.

काढलेले प्लग अंड्यांच्या सहाच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवा, रेडिएटरकडचा पहिला. मग दिवसाच्या उजेडात बघा. बिस्किटासारखा फिकट तपकिरी असेल तर छान. काळा आणि कोरडा असेल तर पेट्रोल जास्त. एकच ओला, बाकी पाच ठीक, म्हणजे त्याच्या कॉइलवर संशय. पोर्सिलीन पांढरंफटक आणि त्यावर मिरपुडीएवढे चमकणारे कण असतील तर इथंच थांबा. ते कण पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं, गाडी चालवू नका, टो करून ट्यूनरकडे न्या.

प्लगच्या विहिरीत तेल साचलेलं दिसलं तर कॅम कव्हरचं गॅस्केट गेलंय. स्वस्त काम आहे पण पुढं ढकलू नका, त्या तेलाने कॉइलचं रबर फुगतं आणि तुम्ही नवे कॉइल घातले तरी वर्षभरात तेच परत.

कॉइल पॅक, खरा चोर

प्रत्येक सिलिंडरवर एक, सहा कॉइल, उष्णतेत पंचवीस वर्षं बसलेले. प्लास्टिकला केसाएवढी चीर जाते आणि त्यातून ठिणगी बाहेर उडते.

माझ्या गाडीला दोन महिने मी भलत्याच मागे होतो. एका वर्कशॉपने टर्बो सांगितला, मला पटलं नाही, मग मी एक जुना एअर फ्लो मीटर आणून लावला, फरक शून्य. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललं होतं. शेवटी एका पावसाळी रात्री गॅरेजचा दिवा घालवला, वरची पट्टी काढलेली होती, बायकोला आत बसवून इंजिन चालू ठेवलं आणि आरपीएम थोडे वर घ्यायला सांगितले. डोळे अंधाराला सरावायला एक मिनिट लागलं. मग चौथ्या कॉइलच्या मानेशी निळा दोरा दिसला, नखाएवढा, दिसायचा आणि जायचा, बरोबर त्याच तालात टिक-टिक. दुसऱ्या दिवशी तो कॉइल काढून भिंगाखाली धरला तर चिरेच्या कडेने राखाडी-पांढरी रेघ पडलेली, जुन्या भांड्याला तडा गेल्यावर दिसते तशी.

ही अंधारातली तपासणी जरूर करा, पण हात लांब ठेवून. हजारो व्होल्ट असतात तिथं. पेसमेकर असलेल्या माणसाने जवळ थांबायचं नाही. पंख्यापासून ओढणी, शर्टाची बाही, लांब केस दूर.

काही दिसलं नाही तर अजून एक टेस्ट आहे. सहाही कॉइल काढून पुसा, आणि बाहेरून स्वतःलाच चिकटणारी रबरी इन्सुलेशन टेप मानेला ताणून गुंडाळा. मग चढावर जा. मिसिंग गेलं किंवा अर्ध्यावर आलं तर कॉइलच, शंका नको. पण टेप हा इलाज नाही, उष्णतेने काही आठवड्यांत सुटते, ती फक्त तुम्हाला पैसे योग्य ठिकाणी घालायचा पुरावा देते. टेपने काहीच फरक नाही आणि ट्रेमध्ये एकच प्लग ओला होता, तर त्याचा कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा, थोडं चालवा, परत प्लग बघा. ओलेपणा कॉइलबरोबर सरकला तर कॉइल, तिथंच राहिला तर इंजेक्टर किंवा वायरिंग.

विकत घेताना सिरीज बघा, म्हणजे तुमची आर३३ आधीच्या आवृत्तीची (सिरीज १) की नंतरच्या (सिरीज २). सिरीज १ ला इग्नायटर (कॉइलला चालू-बंद करणारा भाग) वेगळा असतो, इंजिनाच्या मागच्या बाजूला वरती, सिरीज २ ला तो कॉइलमध्येच असतो. एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत. घ्यायचे तर सहाही एकदम, एक-एक बदलत बसलात तर सहा वेळा तेच काम कराल. आणि अगदीच स्वस्त, नावगाव नसलेले घेऊ नका, माझ्या एका मित्राचे असे दोन कॉइल एका हिवाळ्यात गेले.

कॉइलची वायरिंग विसरू नका. प्लास्टिकचे कनेक्टर बिस्किटासारखे तुटतात, फायरवॉलकडचे पाचवा-सहावा तर जास्तच. इंजिन बंद असताना कनेक्टर ओढून न काढता क्लिप दाबून काढा, आत हिरवट गंज आहे का बघा. अर्थिंगचा बोल्ट काढून घासून परत बसवा.

एअर फ्लो मीटर आणि कोड

आयडलला मीटरच्या डबीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचक्या मारा. इंजिन दचकलं तर आतल्या सोल्डरला तडे गेलेत, हा या मीटरचा जुना आजार आहे. सोल्डरिंग येत असेल तर कव्हर उघडून पिना परत डागता येतात. साफ करायचं तर त्यासाठीच मिळणारा स्प्रे, तारेला बोट किंवा कापूस लावायचा नाही, कार्ब्युरेटर क्लीनर तर अजिबात नाही.

स्टिअरिंगखाली, फ्यूज बॉक्सच्या जवळ राखाडी १४ पिनांचं कन्सल्ट पोर्ट आहे, ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायची निसानची जागा. केबल आणि लॅपटॉप असेल तर कोड वाचा. १२ म्हणजे एअर फ्लो मीटरचं सर्किट, २१ इग्निशन सिग्नल, ३४ नॉक सेन्सर (इंजिनातली ठोक ऐकणारा), ५५ म्हणजे सगळं ठीक. फक्त ५५ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, चिरलेल्या कॉइलची ठिणगी कुठं जाते हे ईसीयूला दिसत नाही.

गाडी मॉडिफाय केलेली असेल, मोठा इंटरकूलर, मोकळा एक्झॉस्ट, वाढवलेला बूस्ट, आणि ईसीयू मात्र कंपनीचा, तर अजून एक शक्यता आहे. मोजलेली हवा त्याच्या हिशोबाबाहेर गेली की ईसीयू पेट्रोल ओततो आणि टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो. ते अगदी मिसिंगसारखंच वाटतं, पण तो इंजिन वाचवतोय. बूस्ट कंपनीच्या आकड्याला आणून बघा, गेलं तर पार्ट बदलू नका, ट्यूनिंग करून घ्या.

बूस्टची गळती, दाब देऊन

हाताने होज तपासून काही सापडलं नाही तर टर्बोच्या तोंडाला बसेल असं झाकण बनवा, हार्डवेअरच्या दुकानातलं पाईपचं बूच आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह. रेग्युलेटर असलेल्या कॉम्प्रेसरने ५ पीएसआय, फार तर ७. साबणाचं पाणी फवारा आणि कान द्या. जास्त दाब देऊ नका, बूच सुटून तोंडावर येतं, समोर उभं राहायचं नाही.

इथून पुढं माझा सल्ला: प्रोफेशनल

पेट्रोलचा फिल्टर बदलणं घरी होऊ शकतं, पण लाईनमध्ये दाब असतो, तो आधी सोडायचा माहीत नसेल तर नका करू. फ्यूएल प्रेशर गेजवर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर ४३ पीएसआयच्या आसपास हवं, आणि बूस्टवर बूस्टइतकंच वाढायला हवं. बूस्टवर ते वाढण्याऐवजी पडत असेल तर पंप, आणि त्या अवस्थेत गाडी एक किलोमीटरही बूस्टवर नेऊ नका. डायनोवर (गाडी जागेवर लोडवर पळवायचं मशीन) वाइडबँड (एक्झॉस्टमधून पेट्रोल-हवेचं प्रमाण मोजणारा सेन्सर) लावून हे एका तासात कळतं, त्याचे पैसे नव्या इंजिनापेक्षा फारच कमी.

कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते बघणं) करून घ्याल तेव्हा आकडा किती यापेक्षा सहाही सारखे आहेत का ते विचारा, १४ पीएसआयपेक्षा जास्त फरक असेल तर लीकडाऊन टेस्टही (सिलिंडरमधून हवा कुठून गळते ते बघणं) सांगा.

खालीलपैकी काही दिसलं तर वरचं एकही काम करत बसू नका, गाडी बंद करा आणि टो बोलवा: लोडवर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, निळा धूर, कूलंट कमी होणं, तापमानाचा काटा वर, ऑइल प्रेशर खाली, बोनेटखाली पेट्रोलचा ओला डाग, किंवा टर्बोची शिट्टी बदलून सायरनसारखी होणं.

वर्कशॉपला जाताना तुमचा कागद घेऊन जा, कुठला गिअर, किती आरपीएम, ओलं की कोरडं हवामान, काय बदललं आणि त्याने काय फरक पडला. आणि अंड्यांचा ट्रे तसाच, प्लगसकट, क्रमाने. रविवारी फोन केलेल्या मुलाचा ट्रे परवा बघितला, दुसरा प्लग ओला, बाकी पाच तपकिरी. कॉइल सिरीज २ चे मागवलेत, शुक्रवारी येतील.